अंगकोरची रोजनिशी : हप्ता दुसरा

रविवार, सिएम रीप

बँकॉकहून विमान चार तास उशिरा, कारण कुणी सांगेना. नवा विमानतळ गावापासून लांब, टॅक्सी ३५ डॉलर. पाचच्या सुमारास धावतपळत पास काढले : तीन दिवसांचा ६२, दोघींचे १२४. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना फुकट, लेक पंधराची. सिमकार्ड, पाणी, नूडल्स १३. कोपरा जरासा फाटलेली वीसची नोट हॉटेलात घेतली नाही. उकाडा भयंकर. दहावी संपल्याची सहल म्हणून आणलं, तर लेक दिवसभर गप्प. झोपते.

सोमवार

साडेचारला उठून अंगकोर वाट. सूर्योदय ढगात गेला. "यासाठी उठवलंस?" हे दोनदा ऐकलं.

पश्चिमेच्या गोपुरात मात्र पाय थांबले. आठ हातांचा उंच विष्णू, अंगावर पिवळं वस्त्र, पुढ्यात उदबत्त्यांचा धूर, केळी, कमळाच्या कळ्या. इथले लोक त्याला ता रीच म्हणतात. एक आजी चटईवर बसून नातवाचे हात जोडून देत होती. तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "बघा, सगळं आपलंच आहे!" मला राग आला. दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बाराव्या शतकात हे विष्णूसाठी बांधलं; दगड कुलेन डोंगरातून आणला, तो ख्मेर माणसांनी. पुढे इथे बौद्ध भिक्षू आले, तरी या मूर्तीपुढे आजही उदबत्ती लागते. आपण कधी तिला फूल वाहिलंय? मग आपलं कसं? लेकीला हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आई, हळू बोल."

पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे, पन्नासेक मीटर लांब. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, वासुकीच्या शेपटाशी एक वानर. गोष्ट मला पाठ, म्हणून मी भराभर सांगत सुटले. लेक खाली वाकून पाण्याचा भाग बघत होती. रवीजवळचे मासे घुसळणीत सापडून तुटलेत, कुणाचं डोकं वेगळं, कुणाचं शेपूट. लांबचे मात्र शाबूत पोहतायत. "पाणी मधेच जास्त जोरात फिरतंय, म्हणून," ती म्हणाली. गोष्ट राहिली बाजूला, आम्ही कितीतरी वेळ मासेच बघत होतो.

वरच्या मजल्याची रांग पाऊण तास. ऊन मरणाचं. टुकटुक २०, पाणी ४, जेवण ११.

मंगळवार

लेकीचं पोट बिघडलं. दिवसभर खोलीत. शहाळी २, औषध ३, भात ४. माझी संध्याकाळ गच्चीत डास मारण्यात. उकाडा तसाच.

बुधवार

बायॉन. सातव्या जयवर्म्याचं. मनोऱ्यांवरचे भलेमोठे चेहरे सगळ्या पोस्टरांवर असतात. लेकीनं त्यांना दोन मिनिटं दिली आणि बाहेरच्या ओवरीत जी शिरली ती हाक मारली तरी येईना. "आई, तूच इकडे ये!"

वर चाम सैन्याशी चाललेलं नौकायुद्ध आणि त्याच्या खालच्या पट्टीत संसार. दोघं आपापला कोंबडा पुढे धरून झुंज लावतायत, मागच्यांच्या पैजा चाललेल्या. कढईत डुक्कर सोडतायत. एक बाई दुसरीच्या उवा काढतेय. एक बाळंतीण, तिला धरून बसलेल्या बायका. मालाजवळ बसलेल्याही बायकाच! १२९६ साली चिनी वकिलातीबरोबर आलेल्या चौ ताक्वाननं लिहून ठेवलंय की इथला व्यापार बायकांच्या हातात आहे. मी हे सांगितलं तर लेक म्हणाली, "मग काय, कालची शहाळी, परवाचे आंबे, सगळं बायकांकडूनच तर घेतलं आपण." परवाच्या विष्णूपुढे मी जे बोलले, त्याहून हे कितीतरी नेमकं होतं. बाराव्या-तेराव्या शतकातल्या बाजारातून ती थेट कालच्या बाजारात उतरली, मधे मी लागलेच नाही. फार बरं वाटलं.

टुकटुक २०, जेवण १४ (लेक दोन ताटं जेवली).

गुरुवार

बांते स्रेई. इसवी सन ९६७. राजानं नाही, यज्ञवराह नावाच्या विद्वानानं उभारलेलं, गुलाबी दगडाचं आणि इतकं ठेंगणं की नक्षी डोळ्यांसमोर येते. कैलास हलवणारा रावण, शंकराच्या मांडीवर घाबरून टेकलेली पार्वती. भिंतीवरच्या देवतांपुढे लेकीला सांगितलं की आंद्रे माल्रो या फ्रेंच लेखकानं १९२३ साली इथल्या देवता कापून नेल्या आणि नॉमपेन्हला पकडला गेला. देवता परत आल्या. तो पुढे फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. "मंत्री?" तिचा चेहरा लाल. परतीच्या वाटेवर तेच तेच विचारत होती. द्वारपालही आता नकला आहेत, असली संग्रहालयात. तेही तिला खुपलं.

प्रेआ दाक गावात रस्त्याकडेला एक बाई ताडगूळ करत होती. मातीच्या चुलाणावर पसरट कढई, तीत ताडाचा रस उकळतोय, फेस वर येतोय. आमच्या कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाचाच वास! रस आटल्यावर तिनं कढई उतरवली, लाकडी दांड्यानं घोटून घोटून रंग फिका झाला तशी ताडाच्या पानाच्या इवल्या कड्यांमध्ये ओतायला घेतला. एक गरम वडी लेकीच्या हातावर ठेवली. लेकीनं खुणेनंच दांडा मागितला. बाईंनी दिला आणि तिचं मनगट धरून कसा फिरवायचा ते दाखवलं. दोघी हसत होत्या, एकमेकींचं अक्षरही कळत नसताना. चार पुड्या घेतल्या.

शुक्रवार

तीन दिवसांचा पास कालच संपला, पण ता प्रोम बघायचं होतं म्हणून आजचे वेगळे पास काढून थांबलो. भिंतींवर झाडांची मुळं, मुळांपुढे फोटोवाल्यांची रांग. जयवर्म्यानं हे आईसाठी बांधलं, असं वाचून दाखवलं. लेकीनं फक्त मान डोलावली. डागडुजीत भारताच्या पुरातत्त्व खात्याचाही हात आहे, त्याचा आनंद वाटला.

उद्या सिएम रीप सोडून घरचा रस्ता धरायचा, असं ठरलं होतं. पण लेकीला नॉमपेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात बांते स्रेईच्या असली मूर्ती बघायच्या आहेत, तिनं आपणहून बसही शोधली. तिकिटांची तारीख बदलायला पैसे पडतील. पडू देत. सकाळी साडेसातची बस.