सायन्समध्ये तेवीस

लेकीचा एसीटीचा निकाल आला तेव्हा मी गाडीच्या वाटेवरचं बर्फ उपसत होतो. विस्कॉन्सिनमध्ये मार्चअखेरही ते काम सुटत नाही. तिने दारातूनच फोन पुढे केला. "बाबा, बघ." इंग्लिश ३३, गणित ३२, रीडिंग ३२ आणि सायन्स २३. चारही विभागांची सरासरी ३०. छत्तीसपैकी तीस म्हणजे चांगलेच गुण, हे आज शांतपणे सांगता येतं. तेव्हा मला फक्त तेवीस दिसले आणि मी म्हणालो, "सायन्समध्ये तेवीस? आपल्या घरात?"

आपल्या घरात म्हणजे, मी इंजिनिअर, बायको मायक्रोबायॉलॉजीवाली, माझे वडील सांगलीला शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. लेकीने फोन खिशात ठेवला आणि आत गेली.

देशातल्या नातेवाइकांसाठी थोडं सांगायला हवं. इथे कॉलेजप्रवेशासाठी दोन परीक्षा चालतात, सॅट आणि एसीटी. एसीटी १९५९ मध्ये आयोवात सुरू झाली आणि आमच्या या मधल्या राज्यांत तिचंच प्रस्थ जास्त. विस्कॉन्सिनमध्ये तर अकरावीच्या मुलांची ती शाळेतच घेतली जाते. २०१९ साली, म्हणजे लेकीच्या वेळी, सायन्सचा विभाग सक्तीचा होता. ३५ मिनिटं आणि ४० प्रश्न. एका प्रश्नाला साडेबावन्न सेकंद.

मला वाटलं, विज्ञान कच्चं आहे तर विज्ञान शिकवायला हवं. सलग तीन रविवार मी तिला न्यूटनचे नियम, संयुजा, प्रकाशाचं अपवर्तन असं जे जे आठवेल ते शिकवलं. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, हे परीक्षेत नसतं." मी म्हटलं, सायन्सच्या परीक्षेत सायन्स नसतं, हे मला सांगू नकोस. आवाज चढले. शेवटी मी म्हणालो, "तुला विज्ञान येत नाही, एवढं मान्य कर." ती म्हणाली, "ओके. मान्य."

तिने ते खरंच मान्य केलं होतं, हे मला आठवड्याने कळलं, तेही बायकोकडून. लेक शाळेतल्या कौन्सेलरकडे जाऊन बारावीसाठी निवडलेला एपी बायॉलॉजीचा वर्ग रद्द करून आली होती. लहानपणी बेडकांच्या मागे तळ्यात गुडघाभर उतरणारी मुलगी. "मी सायन्स पर्सन नाही," असं तिने तिथे सांगितलं म्हणे.

बायको मला फारसं काही बोलली नाही. पुढच्या रविवारी सकाळी तिने माझ्यासमोर एक सराव प्रश्नपत्रिका ठेवली, ओव्हनचा टायमर पस्तीस मिनिटांवर लावला आणि म्हणाली, "तू सोडव."

मी सोडवायला बसलो. पहिला उतारा मी ऑफिसातला रिपोर्ट वाचावा तसा वाचला, प्रयोगाची पार्श्वभूमी समजून घेतली, तक्ता मनात बसवला आणि मग प्रश्नांकडे वळलो. तोवर चार मिनिटं गेली होती. टायमर वाजला तेव्हा मी सव्विसाव्या प्रश्नावर होतो आणि सोडवलेल्यांतले सात चुकले होते. त्यातले दोन एका तळ्याच्या आलेखावरचे. उभ्या अक्षावर पाण्याची खोली होती, शून्य वर आणि वीस मीटर खाली. रेघ वर गेली की आकडा वाढला, या आयुष्यभराच्या सवयीने मी उलटं वाचलं. संध्याकाळी लेकीची जुनी सराव उत्तरपत्रिका काढून पाहिली. तिचेही तेच दोन चुकले होते.

मी तिच्या खोलीत गेलो, माझा कागद तिला दाखवला आणि सांगितलं की तू बरोबर होतीस. ती बराच वेळ माझे गुण मोजत बसली. मग म्हणाली, "बाबा, तुला वीससुद्धा नाही मिळणार." खूप दिवसांनी हसली.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही दोघं मिळून शिकलो. मास्तर कुणीच नव्हतं. जे हाती लागलं ते सांगतो, कुणाच्या मुलांना उपयोगी पडलं तर बरंच.

उतारे तीन प्रकारचे असतात. काहींत नुसते तक्ते आणि आलेख, काहींत दोन-तीन प्रयोगांची हकिगत, आणि एकात दोन किंवा अधिक शास्त्रज्ञांचा वा विद्यार्थ्यांचा एकाच गोष्टीवरचा वाद. पहिल्या दोन प्रकारांत उतारा आधी वाचायचाच नाही. सरळ प्रश्नावर जायचं, तो "आकृती २ नुसार" म्हणतो का बघायचं, आकृती २ गाठायची, अक्ष कुठले, एकक कुठलं, तुटक रेघ कशाची आणि सलग कशाची, एवढं पाहून उत्तर द्यायचं. माझ्यासारख्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक वाचायचं असं वाढलेल्या माणसाला हे जवळजवळ पाप वाटतं.

हे मला पटवलं ते माझ्या आईने, स्वतःच्या नकळत. ती मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आली होती, बॅगेत दाते पंचांग घेऊन. एका संध्याकाळी बायकोने विचारलं, "आई, संकष्टी कधी?" आईने पंचांग उघडलं, बोट एका स्तंभावरून खाली नेलं आणि वार सांगितला. लेक बघत होती. तिने विचारलं, "आजी, तू बाकीचं काहीच नाही वाचलंस?" आई म्हणाली, "अगं, सगळं कशाला वाचायचं? विचारलं तेवढंच बघायचं." लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा घ्यायला उठलो. आईने एसीटी सोडवली असं काही मी म्हणणार नाही. तिला चष्म्याशिवाय आलेख दिसतही नव्हता.

वादाचा उतारा मात्र वाचावाच लागतो. तो आम्ही शेवटाला ठेवला. आधी पहिल्याचं म्हणणं वाचायचं आणि फक्त त्याच्यावरचे प्रश्न सोडवायचे, मग दुसऱ्याचं, आणि दोघांची तुलना करणारे सगळ्यांत शेवटी. कोण खरा आहे याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. लेकीला हे जड जाई, कारण चुकीचं बोलणाऱ्याशी ती मनातल्या मनात भांडत बसे. हा गुण कुणाचा, ते सांगायला नको.

बाहेरचं विज्ञान अगदीच लागत नाही असं नाही. चाळीसात दोन-चार प्रश्न असे निघतात की पीएच सातखाली म्हणजे आम्ल, कमी घनतेचं वर तरंगतं, विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात, एवढं माहीत असावं लागतं. आणि सेल्सिअस! इथल्या मुलांना २५ अंश म्हटलं की अंगावर स्वेटर घ्यावासा वाटतो. ३७ म्हणजे अंगाचं तापमान हे लेकीला माहीत होतं, पण जाणवत नव्हतं. मी घरातल्या थर्मोस्टॅटचं एकक बदलून टाकलं. बायको महिनाभर कुरकुरत होती. माझ्या शिकवण्याचा उपयोग झाला तो एवढाच.

सायन्सला तेव्हा कॅल्क्युलेटर चालत नव्हता, पण आकडेमोडही अंदाजाचीच असायची. ४.९ गुणिले १९.८ म्हणजे शंभराच्या जवळ, पर्यायांत तसा एकच असतो. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याला हे खरंच वाटेना. तिकडे बरोबरला चार आणि चुकलं की एक वजा, त्यामुळे न येणारा प्रश्न सोडून देणं हाच शहाणपणा. लेकीने ती भीती कुठून उचलली होती कोण जाणे, बहुधा माझ्याचकडून. तिच्या पहिल्या परीक्षेत सहा गोल कोरे राहिले होते. शेवटच्या मिनिटाला उरलेले सगळे गोल काळे करायचे, हा नियम आम्ही फ्रिजवर चिकटवला. आणखी एक बारीकशी सोय म्हणजे विषम प्रश्नांचे पर्याय ए-बी-सी-डी असतात आणि समांचे एफ-जी-एच-जे, त्यामुळे ओळ चुकली की लगेच लक्षात येतं.

जूनमध्ये तिने परत परीक्षा दिली. इंग्लिश एकाने घसरलं, गणित एकाने चढलं, सायन्स २९. बेरीज १२६, भागिले चार साडेएकतीस, आणि अर्धा वर मोजतात म्हणून ३२. तिला हव्या असलेल्या शिष्यवृत्तीची रेषा नेमकी तिथेच होती. पण मला आठवतं ते सप्टेंबरमधलं. शाळा सुरू झाली त्या संध्याकाळी जेवताना ती भात कालवत म्हणाली, "एपी बायो परत घेतलंय." बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला, म्हणून मी गप्प राहिलो.

आज ती मॅडिसनला तळ्यांचा अभ्यास करते. नावेतून खाली तारेला बांधलेलं यंत्र सोडायचं आणि प्रत्येक मीटरला पाण्याचं तापमान नोंदवायचं. तिने पाठवलेल्या पहिल्या आलेखात शून्य वर होतं आणि वीस मीटर खाली. सोबत एकच ओळ, "बाबा, नीट वाच."

आता धाकटा अकरावीत आहे आणि परीक्षाच बदलली. २०२५ पासून सायन्स ऐच्छिक झालं. घेतलं तर चाळीस प्रश्नांना चाळीस मिनिटं मिळतात, आणि एकूण सरासरी मात्र इंग्लिश, गणित आणि रीडिंग या तिघांचीच. मी एका रात्री लेकीचे जुने आकडे नव्या नियमाने मोजले. ३३, ३२, ३२, बेरीज ९७, भागिले तीन. पहिल्याच निकालात ३२. म्हणजे ना ते तीन रविवार, ना ते भांडण, ना थर्मोस्टॅट. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू ती प्रश्नपत्रिका सोडवली नसतीस." आणि दिवा मालवून झोपली.

धाकट्याचं मत सोपं आहे. ऐच्छिक म्हणजे नाही. त्याला इंजिनिअरिंगला जायचंय, काही कॉलेजं सायन्सचे गुण बघतील, काही बघणार नाहीत, ज्या त्या कॉलेजच्या नियमात वाचून ठरवावं लागेल. मी या वेळी काहीच बोललो नाही, निदान पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवरून जाताना आतून लेकीचा आवाज आला, व्हिडिओ कॉल चालला होता. ती त्याला सांगत होती, "एक सेट टायमर लावून सोडव, मग ठरव. आणि काही अडलं तर मला विचार. बाबांना नको, ते तुला न्यूटन शिकवतील."

मी दार न वाजवता खाली आलो आणि ओव्हनचा टायमर चाळीस मिनिटांवर लावून ठेवला.