दीड अंशाची पायरी

माणसाचा पश्चात्ताप त्याला कोठें गांठील याचा नेम नसतो. मला माझा पश्चात्ताप भेटला तो तळाला कांच असलेल्या एका होडींत, आणि तोही घरापासून हजारों मैल दूर.

माझी मुलगी ऑस्ट्रेलियांत केर्न्स शहरीं असते. तेथल्या एका शाळेंत ती प्राणिशास्त्र शिकविते. गेल्या वर्षीं तिच्याकडे गेलों असतां तिनें आम्हां उभयतांना ग्रीन आयलंड नांवाच्या बेटावर नेलें. ग्रेट बॅरिअर रीफ म्हणून पोवळ्यांची जी अफाट रांग त्या किनाऱ्यालगत समुद्रांत पसरली आहे, तिचाच तें बेट एक तुकडा. कांचेखालून निळे, पिवळे, पट्टेरी मासे झुंडीनें चालले होते. मुलीनें बोट दाखविलें तें मात्र राखी रंगाच्या एका साध्यासुध्या जोडप्याकडे. त्यांच्याभोंवतीं कण्यांएवढीं पिलें घोटाळत होतीं.

"बाबा, हीं आपल्यासारखीं घर धरून राहणारीं आहेत," ती म्हणाली.

या माशाचें शास्त्रीय नांव अ‍ॅकॅन्थोक्रोमिस पॉलिअ‍ॅकॅन्थस. पोवळ्यांतल्या बहुतेक माशांचीं पिलें अंड्यांतून बाहेर पडतांच प्रवाहाबरोबर दूर वाहून जातात. याचीं तशीं जात नाहींत. नर व मादी दोघें मिळून कपारींतलीं अंडीं राखतात, पुढें पिलेंही राखतात. आणि आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टिपून तीं पिलें आपलें पोट भरतात. जेथें बाप वाढला तेथेंच मुलगा वाढतो. हा सारा संसार ऐकावयास मोठा गोड. पण पाणी तापूं लागलें म्हणजे गांव सोडून जाण्याची सोय या कुळाला फारशी नाहीं.

बोटीनें परततांना मुलीनें पुढची हकीकत सांगितली. टाउन्सव्हिल येथील जेम्स कुक विद्यापीठांत जेनिफर डोनेल्सन, फिलिप मुंडे व त्यांचे सहकारी यांनीं या माशाच्या दोन पिढ्या टांक्यांत वाढविल्या. कांहीं पिलें नेहमींच्या पाण्यांत ठेविलीं, कांहीं दीड अंश अधिक ऊन पाण्यांत, तर कांहीं तीन अंश. ऊन पाण्यांतली पहिली पिढी श्रमाच्या वेळीं लागणारा प्राणवायु पुरेसा घेऊं शकेना. परंतु तिचीं मुलें त्याच पाण्यांत वाढलीं, तेव्हां त्यांना ती शक्ति पूर्ववत् लाभली! हा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २०१८ सालीं त्याचें एक संभाव्य कारणही हातीं आलें. जनुकांचीं अक्षरें तीं तींच होतीं. परंतु ऊर्जा व प्राणवायु यांच्या वापराशीं संबंध असलेल्या कित्येक जनुकांवरच्या रासायनिक खुणा मात्र बदलल्या होत्या. जणूं पोथी तीच. कोठें थांबावें आणि कोठें जोर द्यावा, याच्या खुणा तेवढ्या समासांत नव्यानें पडल्या होत्या.

मला हें फार आवडलें. "म्हणजे आईबापांनीं सोसलेलें फुकट जात नाहीं तर!" मी उत्साहानें म्हणालों.

"पुढचें ऐका ना," मुलगी म्हणाली. "दोन्ही पिढ्या तीन अंशांवर वाढविलेल्या माशांनीं ३१.५ अंशांच्या उन्हाळी पाण्यांत अंडीं घालणेंच सोडलें. पण पहिली पिढी दीड अंशावर आणि दुसरी तीन अंशांवर, अशी पायरी ठेवली, तेव्हां त्यांची वीण एकदम चढविलेल्या माशांपेक्षां चांगली निघाली. आणि दोन्ही पिढ्या दीड अंशावरच ठेवल्या, तेव्हां तर ती अगदीं पूर्ववत् झाली. हें २०१६ सालचें."

अंग तगलें, पण वंश थांबला! मी कांहींतरी बोलणार होतों, तोंच माझी पत्नी समुद्राकडे पाहत हळूच म्हणाली, "सासूबाई चिपळूणचें म्हणत होत्या, आठवतें?"

मला आठवत होतें. वडील गेल्यावर तेरावा झाला आणि तिसऱ्याच दिवशीं मीं आईला गुहागरच्या घरांतून उचलून पुण्याला तिसऱ्या मजल्यावर आणलें. ती म्हणाली होती, "आधीं चार महिने चिपळूणला धाकट्याकडे राहतें रे. मग बसेल तर येईन तुझ्याकडे." मला रजा नव्हती, सामान बांधून झालें होतें. पुण्यास तिला कशाचीही वाण नव्हती. ती फक्त बोलेनाशी झाली, रात्रीं उठून बसे आणि म्हणे, "समुद्र ऐकूं येत नाहीं." वर्ष पुरें होण्याच्या आंत ती गेली. डॉक्टरांनीं वय सांगितलें. मीही सर्वांना वयच सांगत आलों.

आईचें मरण आणि माशाची वीण या एका मापानें मोजण्याच्या गोष्टी नव्हेत, हें मला कळतें. परंतु पायरीची गोष्ट दोन्हींकडे तीच आहे. त्या रांगेवर पाणी तापून पोवळीं पांढरीं पडण्याचे मोठे प्रसंग १९९८ व २००२ सालीं आले. त्यानंतर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४. आधीं चौदा वर्षांची उसंत मिळाली होती, मग तीन वर्षांपेक्षां अधिक मिळेना. खुणा बदलून एकदोन पिढ्या निभावतील. खुद्द जनुकांचीं अक्षरें निवडीनें पालटावयाचीं तर पुष्कळ पिढ्या लागतात. शिवाय पापुआ न्यू गिनींतील किंबे उपसागरांत शास्त्रज्ञांनीं एका पट्टेरी माशाच्या पांच पिढ्यांपर्यंतची वंशावळ मांडली, तेव्हां असें दिसलें कीं, कोणाला किती संतति होते हें रक्तापेक्षां राहत्या जागेवरच अधिक ठरतें. कुळापेक्षां घर मोठें. आणि तापतें आहे तें घरच.

तें कोळशाच्या आणि तेलाच्या धुरानें तापतें आहे. या धुरांत आमच्या घरच्या विजेचाही वांटा आहे. म्हणजे पायरी किती उंच ठेवावयाची, हें माशाच्या हातीं नाहीं. तें आपल्या हातीं आहे.

माशाला मागतां येत नाहीं. आईला येत होतें. तिनें चार महिने मागितले होते.