तलवारीचे जौहर

नांदेडहून लातूरला जाताना वाटेत लोहा लागते. आदल्या दिवशी सचखंड हुजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे पाहिलेली, त्यात गावाचे नावच लोहा. मग मुलांच्या गप्पा पोलादावरून हलेनात. तिथून वाट वाकडी करून आम्ही कंधारचा किल्ला पाहिला आणि एका नातेवाइकांकडे जेवायला थांबलो.

चाचाजानांनी पूर्वजांची तलवार दाखवली. दिवाणखान्यात लावण्याआधी ती वेल्डरकडून घासून चमकवायची होती. पात्यावर पाण्याच्या लहरींसारख्या अंधुक रेषा होत्या. उर्दूत यालाच जौहर म्हणतात. (राजपुतांचा जोहार वेगळा.) या रेषा कोणी कोरत नाही, त्या पोलादातच असतात. बफ मारला तर त्या दिसेनाशा होतात, सोन्याचे काम झिजते. भट्टीत लालबुंद केली तर जौहर कायमचे मोडते. आम्ही एवढे सांगितले. चाचाजान म्हणाले, "मग वेल्डरला नकोच सांगतो." तेलाचा हलका हात फिरवून तलवार पुन्हा फडक्यात गेली.

हे पोलाद कुठले? नक्की सांगायला तपासणीच हवी. पण नांदेडच्या पलीकडे, निझामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम गावी असे पोलाद होत असे. मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून मूस सावकाश निववत. कार्बन साधारण दीड टक्का. इराणचे व्यापारी ते घ्यायला थेट तिथवर येत, असे 19व्या शतकात डॉ. वॉयसी यांनी नोंदवले आहे. अरबांकडे हिंदच्या तलवारीचे नावच 'मुहन्नद', हजरत काब बिन जुहैर (रजि.) यांच्या कसीद्यातही हा शब्द आहे. अल-किंदीने 9व्या शतकात तलवारींवर स्वतंत्र रिसाला लिहिला.

2006 मध्ये ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी 17व्या शतकातील एका जौहरदार तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवून पाहिला, तेव्हा त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्या. अमेरिकेत व्हरहोवेन यांना या रेषांमागे खनिजातील व्हॅनेडियमसारख्या धातूंचा लवलेश दिसला. म्हणजे कारागिराच्या हाताइतकाच त्या मातीचाही वाटा! आता पाते न कापता न्यूट्रॉनच्या झोताने आतली घडण तपासता येते. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधील एका भारतीय तलवारीची तशी तपासणी झाली आहे.

कोनासमुद्रमच्या परिसरात मुशींची खापरे आणि लोहकिटाचे ढीग सापडतात. नांदेडहून बासरमार्गे निझामाबादपर्यंत रेल्वे आहेच. इन्शाअल्लाह, पुढची सुट्टी तिकडे.