समुद्राच्या पोटातील चित्रे

आम्ही जामसांवलीची माणसे. आमचे पाणी म्हणजे जाम नदीचे, समुद्र आम्हांस ऐकूनच ठाऊक. त्यामुळे आमच्या भाच्याने मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी घेऊन आणलेली हलती चित्रे पाहावयास घरची सारी मंडळी जमली. मासे दिसले खरे. पण सगळेच निळे-हिरवे! त्याच्या अंगावरील पट्टा आमच्या संत्र्यांसारखा नारिंगी, तोही मातकट दिसे. पाणी तांबडा प्रकाश सर्वांआधी गिळते, पाचेक मीटरांखालीच तो फिका पडतो. भिंगापुढे तांबडी काच लावावी. अधिक खोल गेल्यास दिवाच हवा.

कॅमेरा लग्नसमारंभात वापरतात तसला, घरगुती. तो पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवतात. झाकणाच्या रबरी कड्यावर एक केस राहिला, तरी कॅमेरा गेलाच समजावे!

आम्हांस चिंता वाटली ती मुलाची. चित्र हलू नये म्हणून श्वास रोखण्याचा मोह होतो. पण श्वास रोखून वर येताना छातीतील हवा फुगते नि फुप्फुस फाटू शकते.

इटलीत सान फ्रुत्तुओझो येथे 1947 साली दारियो गोन्झात्ती हा पाणबुड्या बुडी घेताना मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ 1954 साली तेथे सुमारे 17 मीटर खोल ख्रिस्तप्रभूंची काशाची मूर्ती ठेवली. दोन्ही हात वर उचललेले. तिचे चित्र घ्यावे असे भाच्याच्या मनात आहे. आमच्या ताईंनी अद्याप होकार दिलेला नाही.