साठ दिवसांची मुदत

३१ जानेवारी २०१९ला माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. अकरा वर्षं तो त्या कंपनीत होता. त्याच रात्री बारा वाजता आमचा तिघांचा आरोग्य विमाही संपला. न्यू जर्सीत येऊन आम्हाला वीस वर्षं झाली होती, त्यामुळे इथे विमा नोकरीला बांधलेला असतो हे काही नवीन नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ह्याच्या बीपीच्या गोळ्या आणायला गेले, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कार्ड चालत नाहीये." गोळ्या रोख पैसे देऊन आणल्या आणि घरी येऊन त्याला किंमत सांगितली नाही.

बारा दिवसांनी कंपनीकडून जाड पाकीट आलं. त्यात कोब्राचे कागद होते. कोब्रा हा इथला कायदा. नोकरी गेली तरी तोच विमा साधारणपणे अठरा महिने चालू ठेवता येतो. फक्त कंपनी जो वाटा भरत होती तोही आता आपणच भरायचा, वर दोन टक्के जास्त. नोकरी असताना ह्याच्या पगारातून महिन्याला चारशे दहा डॉलर कापले जायचे. आता महिन्याला १,७४२ डॉलर भरायचे होते. घरात येणारा पगार शून्य.

सरकारी बाजारातून वेगळा विमा घेता येतो, तोही बघितला. तिथे वर्षभराचं उत्पन्न किती असेल ते विचारतात. आम्ही काय लिहिणार? नोकरी उद्या लागेल की दिवाळीला, कुणाला ठाऊक. शेवटी मीच म्हटलं, महिनाभर थांबू. ह्याला बीपी सोडून काही नाही, मुलगा विशीतला, मी ठणठणीत. कागद चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री जेवणानंतर ह्याच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं अ‍ॅसिडिटी. ओवा दिला, गार दूध दिलं. अकराच्या सुमाराला कळ पाठीत जायला लागली, उलट्या सुरू झाल्या. हा जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. मी फोन हातात घेतला आणि नंबर फिरवला नाही. डोक्यात एकच आलं, विमा नाही. अ‍ॅम्ब्युलन्सचे किती लावतील? गाडीने नेलं तर? सकाळपर्यंत कळ काढता येईल का? पाऊण तास गेला. मग त्याचा रंग बघून मुलानेच ९११ला फोन केला. तो पाऊण तास मी अजून कुणाला धडपणे सांगितलेला नाही. इथे लिहिते आहे, कारण हीच चूक दुसरं कुणी करू नये. इथल्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाला तपासावंच लागतं आणि त्याचा धोका टळेपर्यंत उपचार करावेच लागतात, पैसे असोत नसोत. १९८६पासून हा कायदा आहे. पैशांचं नंतर बघता येतं.

पित्ताशयातला खडा खाली सरकून अडकला होता आणि त्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली होती. पहाटे तीन वाजता चाकांच्या टेबलावर कॉम्प्युटर ढकलत एक बाई पलंगाशी आली. तिने विमा कोणता ते विचारलं. मी म्हटलं, नाही. तिने कागदावर "सेल्फ पे" असं लिहिलं आणि माझी सही घेतली. बाई वाईट नव्हती. माझ्यासाठी पाणीही आणून दिलं तिने. पण सही करताना माझा हात कापत होता.

रविवारी दुपारी कपडे न्यायला घरी आले, तेव्हा शेजारच्या निवृत्त शिक्षिका अंगणात भेटल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या. मी रडले त्यांच्यासमोर. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोब्राचे कागद टाकून नाही ना दिलेस?" मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्या जाड पाकिटात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतंच. आम्ही वाचलं नव्हतं. विमा संपल्याचा दिवस किंवा सूचना मिळाल्याचा दिवस, यांतला जो नंतरचा, तिथपासून निदान साठ दिवस निवड करायला मिळतात. निवड केली की विमा जुन्या तारखेपासून लागू होतो. मधल्या काळात हॉस्पिटलात गेलात तरी तो खर्च धरला जातो. मात्र मधल्या महिन्यांचा हप्ताही भरावा लागतो. निवड केल्यापासून पहिल्या हप्त्याला पंचेचाळीस दिवस मिळतात.

सोमवारी सकाळी मी फॉर्म भरला, प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि पोस्टात जाऊन पोचपावतीसह पाठवला. दोन महिन्यांचे ३,४८४ डॉलर भरले. त्याच दिवशी ह्याचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं. बुधवारी तो घरी आला.

आणि मग बिलं यायला लागली. मला वाटत होतं एक बिल येईल. हॉस्पिटलचं वेगळं, सर्जनचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं वेगळं, सोनोग्राफी वाचणाऱ्याचं वेगळं, भूलतज्ज्ञाचं वेगळं, अ‍ॅम्ब्युलन्सचं वेगळं. हॉस्पिटलच्या बिलावर ५८,४०० डॉलर होते. विमा कंपनीशी ठरलेल्या दराने तेच २१,७०० झाले. एकाच पलंगाच्या, एकाच ऑपरेशनच्या दोन किमती. आमच्या वाट्याला रुग्णाने वर्षभरात भरायची कमाल मर्यादा आली, ६,५०० डॉलर. ते हप्त्याने फेडायचं ठरवून घेतलं. फोन करून मागितलं तर बिनव्याजी हप्ते देतात. धर्मादाय सवलतीचा अर्जही असतो. आम्ही उत्पन्नात बसलो नाही, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

खरा त्रास झाला तो भूलतज्ज्ञाच्या बिलाचा. हॉस्पिटल नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी दर ठरलेलं, सर्जन नेटवर्कमधला, पण भूल देणारा नेटवर्कबाहेरचा. बिल ४,१५० डॉलरचं. विम्याने ९०० दिले. उरलेले ३,२५० आम्ही द्यायचे, आणि ते कमाल मर्यादेत धरायचे नाहीत. ग्लानीत स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाने भूलतज्ज्ञाला "तुम्ही नेटवर्कमध्ये आहात का?" असं विचारायचं होतं का?

मला कळलं होतं की न्यू जर्सीने २०१८मध्ये अशा बिलांविरुद्ध कायदा केला आहे. राज्याच्या विमा विभागाला फोन लावला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की तुमच्या कार्डावर विमा कंपनीचं नाव असलं तरी पैसे नवऱ्याची जुनी कंपनीच भरते, विमा कंपनी नुसता हिशेब ठेवते. अशा योजना १९७४च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. कंपनीने आपणहून होकार दिला असेल तरच राज्याचा कायदा लागू होतो. कंपनीने होकार दिला नव्हता.

तेव्हापासून मी एक वही केली. फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, संदर्भ क्रमांक, काय म्हणाले. सहा महिन्यांत एकोणतीस फोन झाले. सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. "तक्रार आहे" असं म्हणून काही होत नाही. "मला लेखी अपील करायचं आहे, मुदत काय आणि पत्ता काय" असं म्हणायचं. पहिलं अपील फेटाळलं. दुसऱ्याला मी सर्जनचं पत्र जोडलं की ऑपरेशन तातडीचं होतं आणि भूलतज्ज्ञ निवडायची सोय रुग्णाला नव्हती. ऑक्टोबरमध्ये ते मंजूर झालं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या १,३८० डॉलरपैकी निम्मे मात्र भरावेच लागले. २०२२पासून अशा अचानक बिलांवर केंद्रीय कायदा आला, पण रस्त्यावरच्या अ‍ॅम्ब्युलन्सला तो अजूनही लागू नाही.

ज्या वर्षी मी हे फोन करत होते, त्याच वर्षी इथल्या निवडणुकीच्या वादात रोज हाच विषय होता. खाजगी विम्याऐवजी सगळ्यांचं बिल एकट्या सरकारने भरायचं का? सिनेटर सँडर्स आणि खासदार प्रमिला जयपाल यांनी तशी विधेयकं मांडली होती. उमेदवार बायडन यांचा विरोध होता. आमच्या मंडळाच्या दिवाळी फराळाला यावरून चांगलीच जुंपली. ज्यांच्या कंपनीचा विमा उत्तम आहे ते म्हणत होते, आमचं चांगलं चाललेलं का मोडता? मंडळातले एक डॉक्टर म्हणाले, ज्येष्ठांचा सरकारी विमा खाजगीपेक्षा कमी पैसे देतो; सगळ्यांना तोच दर लावला तर छोटी हॉस्पिटलं तगतील का? माझा नवरा टॅक्सची भीती घालत होता. ती भीती खोटी नाही. व्हरमॉन्ट राज्याने २०११मध्ये असा कायदा केला आणि डिसेंबर २०१४मध्ये गव्हर्नर शमलिन यांनी तो बाजूला ठेवला, कारण हिशेब केल्यावर मालकांवर साडेअकरा टक्के पगार-कर आणि लोकांच्या उत्पन्नावर साडेनऊ टक्क्यांपर्यंत कर लावावा लागत होता.

मी त्या दिवशी ह्याला सगळ्यांसमोर एवढंच म्हटलं, "महिन्याला १,७४२ भरत होतो, त्याला तू काय म्हणतोस?" तो गप्प बसला. घरी येऊन मला वाईट वाटलं. असं चारचौघांत बोलायला नको होतं.

माझा मोठा भाऊ कॅनडात, मिसिसागाला असतो. आमच्या घरात हा वाद त्याच्यामुळे दोन्ही बाजूंनी माहीत आहे. तिथे डॉक्टरचं आणि हॉस्पिटलचं बिल प्रांताचं सरकार भरतं. सस्कॅचवान प्रांतात १ जुलै १९६२ला डॉक्टरांची बिलं अशी भरायला सुरुवात झाली, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. आज दादाला ते सांगितलं तर त्याला आश्चर्य वाटतं, कारण त्याच्या दृष्टीने सरकारी विम्याचं कार्ड म्हणजे रेशनकार्डासारखं, घरात असणारच.

पण २०२२मध्ये दादाचा गुडघा बदलायचा ठरला. अस्थितज्ज्ञाची पहिली भेट पाच महिन्यांनी मिळाली. त्यानंतर ऑपरेशनला सात महिने. मी आमच्या एडिसनहून गाडीने गेले होते त्याला बघायला. दादा जिना चढू शकत नव्हता म्हणून हॉलमध्ये सोफ्यावर झोपत होता. रात्री कुशीवर वळताना कण्हायचा. वहिनी म्हणाली, "वन्सं, रोज सकाळी हॉस्पिटलला फोन करते, कुणी रद्द केलंय का म्हणून." तेव्हा माझ्या मनात आलं, आमच्याकडे असता तर दोन महिन्यांत झालं असतं. दातांचे आणि गोळ्यांचे पैसे सरकार नाही, त्याच्या कंपनीचा वेगळा विमा भरतो, तेही मला तिथेच कळलं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मी दादाला विचारलं, किती खर्च आला? त्याला प्रश्नच नीट कळला नाही. मग वहिनीने पर्समधून पार्किंगच्या पावत्या काढल्या. चार पावत्या होत्या. आणि एक गोष्ट दादाने सहज सांगितली. त्या वर्षभरात त्याचीही नोकरी गेली होती, चार महिने घरी होता. मला बोलला नव्हता. गुडघ्याच्या रांगेतला त्याचा नंबर तसाच राहिला. विमा गेला म्हणून पुन्हा पहिल्यापासून काही करावं लागलं नाही.

मला विचाराल तर एकट्या सरकारने बिल भरण्याच्या बाजूची मी आहे, ती त्या चार महिन्यांमुळे. दादाने सोसलं ते थोडं नव्हतं, आणि रांगा कशा कमी करायच्या याचं उत्तर तशी व्यवस्था मागणाऱ्यांनी द्यायलाच हवं. पण जमिनीवर पडलेला माणूस समोर असताना वहिनीला हिशेब करावा लागला नसता. मी केला.

आमच्या शेजारच्या बाईंना पासष्टीपासून ज्येष्ठांचा सरकारी विमा आहे. तोही फुकट नाही. डॉक्टरांच्या बिलाचे वीस टक्के उरतात म्हणून त्या पुरवणी विमा घेतात. पण नोकरी सुटली म्हणून तो सुटत नाही. नवऱ्याला नोकरी लागली ती जुलै २०१९मध्ये, पगार कमी. तरी त्याने घेतली, विमा पहिल्या दिवसापासून होता म्हणून. पासष्ट व्हायला अजून किती वर्षं आहेत ते तो अधूनमधून मोजतो.

गेल्या मार्चमध्ये मंडळातल्या एका मुलीच्या नवऱ्याची नोकरी गेली. पदरात दोन लहान मुलं. ती घरी आली तेव्हा मी चहा टाकला आणि वही काढली. जाड पाकीट आलं का विचारलं. आलं होतं, गाडीत पडलं होतं, न फोडलेलं. ती ते घेऊन आली. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅलेंडर ठेवून दिवस मोजले. बावीस उरले होते.