आयत्या वेळची विहीर

ब्रिटिश विनोदी नट टोनी स्लॅटरीबद्दल हळहळावं की नाही, हे माझं काही ठरत नाही. हळहळायला जावं, तर तोंडात म्हण येते ती तहान लागल्यावर विहीर खणण्याची. हा माणूस तर जगलाच त्यावर.

चॅनेल फोरवरच्या 'हूज लाइन इज इट एनीवे?' या उत्स्फूर्त विनोदाच्या कार्यक्रमात तो 1988पासून दिसायचा. प्रेक्षकांतून कुणीतरी विषय ओरडायचं, रिचर्ड व्रँच पियानोवर ठेका धरायचा आणि एकेकाने तिथल्या तिथे कडवं रचून गायचं. मनात धरलेलं यमक आधीच्यानेच उडवलं, की हातात काही नाही. तरी स्लॅटरी पुढे व्हायचा, बहुतेक वेळा काहीतरी चावट घेऊन.

पण ही विहीर खरंच आयत्या वेळची का? तो केंब्रिजचा, तिथल्या विद्यार्थ्यांच्या फूटलाइट्स या विनोदी नाट्यमंडळाचा अध्यक्ष. 1981मध्ये स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी, एमा थॉम्पसन यांच्यासोबत एडिंबराच्या महोत्सवातलं विनोदाचं पहिलं पेरिए पारितोषिक घेतलेला. पाणी आधीच लागलेलं होतं, रंगमंचावर फक्त पोहरा सोडायचा. शिवाय चित्रीकरण तासन्‌तास चालायचं आणि फसलेलं कापून टाकायचे. कोरड्या निघालेल्या विहिरी आपण पाहिल्याच नाहीत. आणि म्हणीत तहान ज्याची त्याची असते. इथे तहान लोकांची, खणणारा भलताच.

विहीर आधीच खणलेली हवी, हा आग्रह कधी कायद्याचाही असतो. इंग्लंडात 1968पर्यंत नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. संहिताच नसेल तर मंजूर काय करणार? लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहातल्या कीथ जॉनस्टनने मग उत्स्फूर्त प्रयोग 'वर्ग' म्हणून लोकांपुढे मांडले. मला त्या मंजुरीच्या कचेरीतल्या कारकुनाची फार मौज वाटते. आपल्याकडेही संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जातेच, आणि पदरची वाक्यं घालणारे नट तरीही आपले लाडके. म्हणजे ही म्हण शेतकऱ्याची, की पाणी आधी तपासून घेणाऱ्या कारकुनाची?

जॉनस्टनच्या तालमीत समोरच्याने दिलेलं नाकारायचं नसे. ते वळण अंगात मुरलेला स्लॅटरीसारखा माणूस कामाला नाही कसं म्हणेल? 'द क्राइंग गेम', 'पीटर्स फ्रेंड्स' हे चित्रपट, लंडनच्या वेस्ट एंडची नाटकं, जाहिराती. इतका सगळीकडे, की त्याचीच टिंगल व्हायची. मग दारू, कोकेन, आणि 1996मध्ये तो मनाने कोसळला. महिनोन्‌महिने घरात कोंडून घेतलं. थेम्सकाठच्या घरातलं सामान नदीत फेकल्याचं त्यानेच पुढे सांगितलं. 2020च्या बीबीसीच्या माहितीपटात तर लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दलही बोलला. तिथे माझा 'नाही न म्हणण्या'चा सिद्धांत फारच सोयीचा वाटू लागला. आजारपण म्हणीत मावत नाही.

जानेवारी 2025मध्ये तो गेला, 65 वर्षांचा. त्याआधी काही महिने पॉडकास्ट सुरू केला होता; लोकांसमोर उत्स्फूर्त विनोदालाही परतला होता. हे त्याचं औषध होतं, की जुनीच सवय? त्यालाच विचारलं असतं, तर त्याने चटकन काहीतरी अश्लील सांगितलं असतं, आणि हसण्याच्या भरात मी प्रश्नच विसरलो असतो.