न दुरावलेल्यांचें पुनर्मीलन

दुरावलेले कलावंत पुन्हा एकत्र आले म्हणजे लोकांस कौतुक वाटतें, आणि ते गायक असले तर त्या कौतुकावर व्यापारही बरा चालतो. पाश्चात्य संगीतांत अशा पुनरागमनांचा आतां सुकाळ झाला आहे. जुनीं गाणीं जुन्याच उत्साहानें म्हणावयाचीं आणि श्रोत्यांनीं आपलें तारुण्य घटकाभर परत मिळाल्याच्या समाधानांत घरीं जावयाचें, हा त्यांचा ठरलेला क्रम. म्हणून ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या इंग्रज जोडीचा ‘फ्यूझ’ हा संग्रह एप्रिल २०२३ मध्यें, तब्बल २४ वर्षांच्या खंडानंतर, निघाला तेव्हां आम्हीं तो किंचित् संशयानेंच ऐकावयास घेतला.

परंतु येथें पुनर्मीलन हा शब्दच लटका पडतो. ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट हीं दोघें कधीं दुरावलींच नव्हतीं. हल येथील विद्यापीठांत त्यांची गांठ पडली ती १९८१ च्या सुमारास. तेव्हांपासून तीं एकत्र आहेत. २००० सालीं त्यांनीं थांबविलें तें गाणें, संसार नव्हे. मुलें लहान होतीं. पुढें बाईंनीं आपले संग्रह निराळे काढले, वॉट यांनीं आपले निराळे. एकाच घरांत नांदणारीं हीं दोन माणसें गाण्यापुरतीं मात्र परकीं राहिलीं, आणि आमच्या मतें घर टिकण्यास हा परकेपणा उपकारकच झाला असावा.

तेव्हां खरा धोका कोठें होता, हें ध्यानांत येईल. भांडून वेगळे झालेल्यांपाशीं गमावण्यासारखें फारसें नसतें. फार तर पुन्हा भांडण होईल. नांदत्या घरांत जुना व्यवसाय पुन्हा आणणें ही गोष्ट वेगळी. संग्रहांतील पहिल्याच गाण्याचें नांव ‘नथिंग लेफ्ट टु लूज’, म्हणजे गमावण्यासारखें कांहींच उरलें नाहीं, असें आहे. आम्हांस हें नांव खोटें वाटतें. वॉट यांस १९९२ सालीं एका दुर्मिळ व्याधीनें मरणाच्या दारांत नेलें होतें. त्यामुळें २०२० च्या महामारींत या घरास फार जपून राहावें लागलें. त्यानंतर मार्च २०२१ मध्यें दोघांनीं कामास हात घातला, तोही चोरपावलांनीं. पहिले दोन महिने मुद्रणावर मंडळाचें प्रसिद्ध नांवसुद्धां लिहिलें नाहीं. ट्रेसी आणि बेन यांचीं अक्षरें जुळवून केलेलें ‘ट्रेन’ एवढेंच नांव घातलें. पूर्वकीर्तीचें ओझें उंबऱ्याबाहेर ठेवण्याची ही युक्ति आम्हांस फार आवडली.

त्यांच्या गाण्याचें मर्म एका विरोधांत आहे. १९९४ च्या त्यांच्या ‘मिसिंग’ या गाण्यास टॉड टेरी या अमेरिकन संगीतकारानें पुढील वर्षीं नाचाचा ठेका दिला आणि तें जगभर गाजलें. तेथून त्यांनीं यंत्रांची संगत पत्करली. ताल यंत्राचा, निर्विकार. आणि त्यावर थॉर्नबाईंचा खोल, दुखरा कंठ. ‘फ्यूझ’मध्यें यंत्रें नवीं आहेत, कंठ मात्र साठीला टेकलेला आहे. तो अधिक खालीं उतरला आहे आणि त्यास थोडी खरखरही आली आहे. आश्चर्य हें, कीं ही खरखर लपविण्याची खटपट कोणी केलेली नाहीं. उलट ती अगदीं कानाशीं आणून ठेविली आहे. ‘लॉस्ट’ या गाण्यांत हरवलेल्या वस्तूंची नुसती यादी आहे. क्षुल्लक वस्तूंपासून थेट आईपर्यंत सारीं नांवें बाई एकाच शांत स्वरांत घेतात, रडत नाहींत. वीस वर्षांपूर्वींच्या कंठास हें साधलें नसतें. ‘व्हेन यू मेस अप’मध्यें मात्र यंत्रानें आवाज मुद्दाम पिळला आहे. तो प्रयोग आम्हांस रुचला नाहीं. पिकल्या केंसांस कलप लावावा तसा तो वाटतो.

इंग्लंडांतील विक्रीच्या यादींत हा संग्रह तिसऱ्या स्थानीं गेला. त्यांचा एकही पूर्वीचा संग्रह इतका वर चढला नव्हता. तरीहि दौरा नाहीं, जाहीर जलसे नाहींत. शेवटच्या ‘कॅरिओकी’ या गाण्यांत बाई विचारतात, कीं माणूस गातो तो दुखावलेल्यांवर फुंकर घालण्याकरितां, कीं जमलेल्या मंडळींस नाचावयास उठविण्याकरितां? दोघें लोकांसमोर गावयास उभीं राहिलीं तीं पुढें एप्रिल २०२५ मध्यें, लंडनमधील एका लहानशा क्लबांत.